गॉर्डन लाइटफूटचं 'गॉर्ड्स गोल्ड' : चार बाजू सावकाश ऐकताना

ग्रेटेस्ट हिट्स म्हटलं की गाण्यातली जाणकार मंडळी नाक मुरडतात, म्हणतात कंपनीने गाजलेली गाणी गोळा करून विकायला काढलेली असतात, त्यात काय ऐकायचं, ऐकायचे तर मूळ अल्बम ऐका. बऱ्याच कलाकारांच्या बाबतीत ते खरंही असेल. पण गॉर्डन लाइटफूटचा 'गॉर्ड्स गोल्ड' हा १९७५ चा डबल अल्बम, म्हणजे दोन तबकड्या, चार बाजू, त्यात बसत नाही, आणि तो का बसत नाही हे कळायला मला बरेच महिने लागले. त्या महिन्यांबद्दलच लिहितेय.

आधी हा लाइटफूट कोण ते सांगते, कारण आपल्याकडे बॉब डिलन माहीत असतो, जॉन डेन्व्हर माहीत असतो, हा फारसा नसतो. कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये ऑरिलिया नावाचं तळ्याकाठचं गाव आहे, तिथे १९३८ साली जन्मला, लहानपणी चर्चमध्ये गायचा, मोठेपणी स्वतः लिहायचा, स्वतः चाल लावायचा आणि बारा तारांची गिब्सन गिटार घेऊन स्वतःच गायचा. फोक-रॉक, म्हणजे लोकगीताच्या वळणाला रॉकचा ठेका, म्हणतात त्या वाटेवरचा माणूस. १९८६ साली कॅनडाच्या म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं तेव्हा स्टेजवर त्याचं स्वागत करायला खुद्द डिलन आला होता, यावरून काय ते समजा.

मी मूळची कर्जतची, आता बरीच वर्षं टोरांटोजवळ मिसिसागाला आहे, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. इथे राहायचं म्हणजे लाइटफूट कानावर पडणारच, ग्रोसरीच्या दुकानात, डेंटिस्टकडे, गाडीतल्या रेडिओवर. नाव माहीत नव्हतं, चाली माहीत होत्या. १ मे २०२३ ला तो गेला, ८४ वर्षांचा होऊन, आणि दुसऱ्या दिवशी लॅबमधली माझी सीनियर, रिटायरमेंटला आलेली बाई, सकाळपासून गप्प गप्प. मी विचारलं तर म्हणाली आमच्या घरातलंच कोणी गेल्यासारखं वाटतंय गं. नंतर तिने स्वतःची 'गॉर्ड्स गोल्ड'ची सीडी आणून माझ्या हातात ठेवली आणि बजावलं, क्रमाने ऐक, शफल करू नकोस.

तर सुरुवात गाडीत झाली, ४०१ हायवेवर, जाता-येता. खरं सांगायचं तर पहिले काही आठवडे काहीच आत गेलं नाही. आवाज छान, भरदार, जराही न चढणारा, गिटारी मागे झुळझुळ वाजतायत, सगळं सुरेख आणि सगळं एकसारखं. लाइटफूटबद्दल लोकांची ही तक्रार मी नंतर पुष्कळ ऐकली आणि ती मला समजू शकते, कारण हा माणूस गाताना ओरडत नाही, रडत नाही, आता बघा हं माझ्या काळजात काय चाललंय असं दाखवत नाही, शब्द नीट उच्चारतो, चाल नीट मांडतो आणि बाजूला होतो. आपल्याला सवय असते गायकाने हात धरून नेण्याची. इथे आपल्यालाच चालत जावं लागतं.

पहिलं दार उघडलं ते 'अर्ली मॉर्निंग रेन'ने. आई-बाबा आमच्याकडे राहून परत निघाले होते, त्यांना पिअर्सन एअरपोर्टला सोडलं, आत जाईपर्यंत काचेतनं हात हलवला आणि पार्किंगमध्ये येऊन गाडी सुरू केली तर सीडीवर नेमकं हे गाणं. एक माणूस, घरापासून लांब, खिशात पैसा नाही, पोटात दारू, पहाटेच्या पावसात विमानतळाच्या कुंपणाशी उभा राहून ७०७ विमान वर उचललेलं बघतोय. आणि शेवटी तो म्हणतो की मालगाडीत कसं गुपचूप चढून बसता येतं तसं जेट विमानात नाही येत, म्हणून आपण आपले चालायला लागावं. एवढंच गाणं. हे ऐकून मी गाडी बंद केली आणि परत पहिल्यापासून लावलं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की १९५८ मध्ये हा विशीच्या आतला पोरगा संगीत शिकायला लॉस एंजेलिसला गेला होता, घरची आठवण यायची, मग पावसाळी दिवशी एअरपोर्टवर जाऊन विमानं बघत बसायचा. गाणं लिहिलं मात्र १९६४ साली, तान्ह्या मुलाला सांभाळत घरी बसलेला असताना. एल्विसने गायलं हे, डिलनने गायलं, पण परदेशात राहणाऱ्या कुणालाही ते कुणी गायलंय याने काही फरक पडत नाही, ते आपलंच असतं.

त्यानंतर मी ऐकण्याची पद्धत बदलली. गाडीत ऐकणं बंद. गाण्यांचे शब्द प्रिंट काढून घेतले आणि रात्री जेवणं आटोपल्यावर डायनिंग टेबलवर कागद समोर ठेवून ऐकायला लागले. आमची लेक म्हणाली आई तू परीक्षेला बसल्यासारखी काय बसलीयेस. पण इंग्रजी गाणं ऐकताना आपलं मन चालीवर तरंगत राहतं, शब्द निम्मेच पोचतात, निदान माझं तरी तसं होतं. कागद समोर असला की पळवाट राहत नाही.

आता या अल्बमची खरी गंमत. १९६६ ते १९६९ या काळातले त्याचे अल्बम युनायटेड आर्टिस्ट्स या कंपनीकडे निघाले होते, १९७० पासून तो रिप्रीझ कंपनीकडे गेला. १९७५ ला ग्रेटेस्ट हिट्स काढायचं ठरलं तेव्हा जुनी रेकॉर्डिंग्ज मागून घेण्याऐवजी त्याने जुनी गाणी नव्याने गायली. शिवाय साठच्या दशकातलं स्वतःचं गाणं त्याला स्वतःलाच ऐकवत नसे. म्हणजे डबल अल्बममधली पहिली अख्खी तबकडी ही पंचविशीत लिहिलेली गाणी छत्तिसाव्या वर्षी परत गायलेली आहे, आणि दुसरी तबकडी १९७० पासूनच्या मूळ रेकॉर्डिंग्जची. हे समजल्यावर मी साठच्या दशकातली मूळ गाणी शोधून दोन्ही एकापाठोपाठ ऐकायला लागले, एक संध्याकाळ एक गाणं, आणि माझ्या मते या अल्बमचा रस घ्यायची हीच वाट आहे. पोराचा आवाज पातळ आहे, जरा घाईत आहे, गाणं लोकांपर्यंत पोचलंच पाहिजे अशी धडपड त्यात ऐकू येते. छत्तिशीतला माणूस मागे रेलून बसलेला आहे. त्याला गाणं पोचवायची घाई नाही, कारण मधल्या काळात लग्न मोडलंय, 'संडाउन' अमेरिकेत एक नंबरला जाऊन आलंय, नाव झालंय, आणि तेच शब्द तो आता आतनं म्हणतोय.

सगळ्यात ठळक उदाहरण पहिल्या बाजूच्या शेवटी आहे. 'फॉर लव्हिन मी' हे त्याचं अगदी सुरुवातीचं गाणं, पीटर, पॉल अँड मेरी यांनी १९६५ मध्ये गाजवलेलं. त्यातला पुरुष बाईला सांगतो की माझ्यावर प्रेम केलंस ना, मग भोग आता, मी चाललो, तुझ्यासारख्या अजून भेटतील मला. ऐकताना संताप येतो. लाइटफूटलाही पुढे या गाण्याची लाज वाटायची, त्याच्यावरच्या डॉक्युमेंटरीत तो ते उघड बोललाय. पण 'गॉर्ड्स गोल्ड'मध्ये त्याने काय केलंय बघा, हे गाणं एकटं ठेवलंच नाही, ते गाता गाता त्यातनं तो सरळ 'डिड शी मेन्शन माय नेम'मध्ये शिरतो. हे दुसरं गाणं म्हणजे गावाकडचा जुना मित्र भेटलाय आणि हा त्याला चौकशा करतोय, गावात काय चाललंय, आपली टीम अजून जिंकते का, अमक्याचं काय झालं, तमक्याचं काय, आणि मग बोलता बोलता, जाता जाता, अगदी सहज म्हणून, तिने माझं नाव काढलं का रे?

हे दोन तुकडे एकत्र ऐकल्यावर पहिल्या गाण्यातला तो मिजाशीत निघून गेलेला पोरगा आणि दुसऱ्यातला हा आडून आडून विचारणारा माणूस एकच आहेत असं माझ्या मनाने घेतलं, आणि ते आता निघत नाही. मूळ अल्बममध्ये ही दोन गाणी वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या जागी आहेत, तिथे हा अर्थ निघूच शकत नाही. तो या जोडण्यातनं आला. आणि त्या चौकशा! मी कर्जतच्या मैत्रिणीला फोन करते तेव्हा मीही आधी स्टेशनबाहेरच्या वडेवाल्यापासून सुरुवात करते, कुणाचं लग्न ठरलं, कुणाची इमारत झाली, उल्हासला पूर आला का, आणि जे विचारायला फोन केलेला असतो ते शेवटी, ठेवते गं म्हणताना विचारते.

दुसऱ्या बाजूवरचं 'बिटर ग्रीन' हे मला कागदाशिवाय कधीच कळलं नसतं. चाल इतकी प्रसन्न, झुलणारी, की मी ते महिनाभर आनंदी गाणं समजून गुणगुणत होते. एक बाई गावावरच्या टेकडीवर रोज फिरते, कुणाची तरी वाट बघते, लोक तर्क करतात की तिचा कोण होता, खलाशी होता की अजून कोणी. आणि शेवटच्या कडव्यात ती गेलेली असते आणि एक अनोळखी माणूस तिथे कबरीपाशी येऊन रडत असतो. म्हणजे तो आला, पण उशिरा. हे सगळं तो एकाही ठिकाणी आवाज न कापवता गातो, कोरस तोच, ठेका तोच. मला आता वाटतं की तो न कापणारा आवाज हीच त्याची खरी ताकद आहे, रडायचं काम त्याने ऐकणाऱ्याकडे सोपवलंय.

'साँग फॉर अ विंटर्स नाइट' तर इथे डिसेंबरमध्ये लागतंच लागतं, दिवा मंद झालाय, बाहेर बर्फ पडतोय, जवळ हवी ती व्यक्ती नाहीये. हे त्याने क्लीव्हलँडला ऐन उन्हाळ्यात, गडगडाटी पाऊस चालू असताना लिहिलं. मला त्याचं नवल वाटलं नाही, मार्गशीर्षातल्या थंडीची सगळ्यात जास्त आठवण येते ती मे महिन्यातच.

मग 'कॅनेडियन रेलरोड ट्रिलॉजी'. याला मी दोन आठवडे दिले आणि कमीच दिले. १९६७ मध्ये कॅनडा देश होऊन शंभर वर्षं होणार होती, त्या निमित्ताने सीबीसीने, म्हणजे कॅनडाच्या सरकारी रेडिओ-टीव्हीने, १ जानेवारीच्या कार्यक्रमासाठी त्याला गाणं लिहायला सांगितलं, विषय आगगाडी. साधारण सात मिनिटांचं आहे, तीन भागांचं. पहिला भाग वेगात, स्वप्नांचा, समुद्रापासून समुद्रापर्यंत रूळ टाकायची घाई. मग अचानक गाणं सावकाश होतं आणि ज्यांनी रूळ टाकले ते मजूर बोलायला लागतात. मग परत वेग, त्यात रोजाचा एक डॉलर, डोकं टेकायला जागा, उरलेल्यांसाठी एक प्याला आणि मेलेल्यांसाठी एक, आणि शेवटी पुन्हा सुरुवातीच्या ओळींतली, गाडी यायच्या आधीच्या जंगलाची शांतता. सरकारी समारंभासाठी मागवलेल्या गाण्यात मेलेल्या मजुरांना मधोमध बसवायचं, ही हिंमत मला फार मोठी वाटते. एक उणीव मात्र मला टोचते. ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांमधला भाग हजारो चिनी मजुरांनी बांधला, त्यातले कितीतरी मेले, आणि १८८५ च्या नोव्हेंबरमध्ये क्रेगेलाकीला शेवटचा खिळा ठोकला त्या प्रसिद्ध फोटोत एकही चिनी चेहरा नाही. गाण्यातही त्यांचं नाव नाही. असायला हवं होतं.

बाबांना व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर हे गाणं ऐकवलं. बाबांची सगळी नोकरी रेल्वेत गेली, बोरघाट त्यांना पाठ. इंग्रजी शब्द सगळे कळले नाहीत म्हणाले, मी मधलं मधलं सांगत गेले, तर मधल्या भागाला म्हणाले, "थांब, हे परत लाव. आपल्या घाटातसुद्धा असंच झालंय बघ." १८६३ साली बोरघाटातनं गाडी सुरू झाली, त्याआधीच्या वर्षांत पटकीने, तापाने, दरडी आणि सुरुंगांनी हजारो माणसं गेली. बाबा सांगत होते तेव्हा मी विचार करत होते की आपल्या त्या माणसांवर सात मिनिटांचं गाणं शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुलांनी म्हणावं असं आपल्याकडे का नाही.

सीडी ऐकता ऐकता एक कळलं की सीडीवर एक गाणं कमी आहे. 'अफेअर ऑन एट्थ अ‍ॅव्हेन्यू'. मूळ तबकड्यांवर २२ ट्रॅक, सीडीच्या वेळात ते सगळे मावेनात म्हणून हे काढलं. मग काय, तबकड्या शोधणं आलं. जुन्या रेकॉर्डच्या दुकानात हा अल्बम मिळायला अजिबात त्रास होत नाही, इथे घराघरात होता तो, कव्हरच्या कडा झिजलेल्या असतात एवढंच. नवऱ्याने टर्नटेबल आणलं, नवी सुई बसवली, आणि आमचा शनिवारी रात्री एक बाजू असा नेम झाला. पहिल्या दोन बाजूंवर पाच-पाच, पुढच्या दोनवर सहा-सहा गाणी. बाजू संपली की उठून पालटावी लागते, ते उठणं मला फार आवडायला लागलं, कारण तेवढ्यात आम्ही दोघं बोलायचो. सुटून गेलेलं ते गाणं ऐकल्यावर नवरा म्हणाला यालाच काढायचं सुचलं त्यांना? मलाही तसंच वाटलं, काढायचं तर 'कॉटन जेनी' काढायचं.

दुसऱ्या तबकडीबद्दल थोडक्यात सांगते, कारण ती गाणी सगळ्यांना माहीत असतात. 'संडाउन' मला अजूनही पूर्ण आवडत नाही, त्यातला संशय अंगावर येतो, पण त्याचा ठेका पायातनं जात नाही हेही खरं. 'केअरफ्री हायवे' हे नाव त्याला अ‍ॅरिझोनात गाडी चालवताना रस्त्याच्या पाटीवर दिसलं आणि त्याने ते लिहून ठेवलं. 'सर्कल ऑफ स्टील' ऐकायला घाई करू नका, ख्रिसमसच्या दिवसांतली गरीब घरातली गोष्ट आहे, मला ते सलग दोनदा ऐकवलं नाही.

आणि 'इफ यू कुड रीड माय माइंड'. १९७० चं, पहिलं लग्न मोडताना लिहिलेलं. या गाण्यात आपण दोघं म्हणजे जणू एखादी कादंबरी, एखादा सिनेमा असं म्हणत म्हणत तो शेवटी साध्या कबुलीवर येतो की आपलं कुठे चुकलं ते मला समजत नाही, ती भावना गेली आणि परत आणता येत नाहीये. मूळ रेकॉर्डिंगमध्ये एका ओळीत दोष बायकोकडे जातो, तिच्याकडे भावनाच उरल्या नाहीत असा. त्याची मुलगी इन्ग्रिड मोठी झाल्यावर त्याला म्हणाली की बाबा, ते दोघांचं होतं, आणि त्यानंतर कार्यक्रमांत तो ती ओळ दोघांवर घेऊन गायला लागला. तबकडीवर जुनीच ओळ आहे. मी आता तिथे आलं की मनात नवी ओळ म्हणते.

ज्या गाण्याने तो जगभर ओळखला जातो ते 'द रेक ऑफ द एडमंड फिट्झजेराल्ड' या अल्बममध्ये नाहीच, आणि त्याचं कारण ऐकून मी चकित झाले. ते मालवाहू जहाज लेक सुपीरियरमध्ये २९ माणसांसकट बुडालं १० नोव्हेंबर १९७५ ला, हा अल्बम आला तोही १९७५ च्या अखेरीला. गाणं पुढच्या वर्षी आलं. ते पाहिजे असेल तर १९८८ चा दुसरा भाग आहे, पण तिथे ते नव्याने गायलेलं आहे आणि मला १९७६ चं मूळच जास्त भिडतं. म्हणजे परत गाण्याने गाणं दर वेळी मोठं होतं असं नाही, पहिल्या भागात ते झालं, दुसऱ्यात माझ्या मते नाही झालं. डेट्रॉइटच्या मॅरिनर्स चर्चमध्ये त्या २९ जणांसाठी घंटा वाजवायची रीत, लाइटफूट गेल्यावर तिथे ३० टोल दिले, शेवटचा त्याचा.

गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही ऑरिलियाला जाऊन आलो, मिसिसागाहून दीड-दोन तास. तळ्याकाठच्या बागेत त्याचा ब्राँझचा पुतळा आहे, मांडी घालून गिटार वाजवतोय आणि भोवती मेपलच्या पानांची कमान, पानांमध्ये त्याच्या गाण्यांची चित्रं कोरलेली. लेक आणि मी गाणी ओळखत बसलो, तिला आगगाडी आधी सापडली. टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये तो दीडशेच्या वर वेळा गायला, २०१८ ला हॉल दुरुस्तीसाठी बंद झाला तेव्हा शेवटचे कार्यक्रम त्याचे, २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये उघडला तेव्हा पहिलेही त्याचेच. तेव्हा मी इथेच होते, तिकीट काढू शकत होते, आणि मला ती गाणी अजून माहीत नव्हती, याचं मात्र वाईट वाटतं.

कुणाला सुरुवात करायची असेल तर जमल्यास तबकडीच घ्या, गाणं गाळलेली सीडी नको. आणि पहिल्या बाजूपासून सुरू करू नका, दुसऱ्या बाजूने करा, तीत 'स्टील रेल ब्लूज', 'बिटर ग्रीन' आणि सगळ्यात शेवटी 'अर्ली मॉर्निंग रेन' आहे. ती मुरली की मग पहिली बाजू, त्यातली ट्रिलॉजी एकटी वेगळी ऐका, शब्द समोर ठेवून. सीडी मी परत करायला गेले तर सीनियर म्हणाली ठेव तुलाच, आणि आता 'संडे कॉन्सर्ट' ऐक, १९६९ चा, मॅसी हॉलमधलाच लाइव्ह आहे. तो कालपासून लावलाय.